लोकर आटवायची खोली

आमच्या सूनबाईंची एक खोड मला ती घरात आली तेव्हापासून खुपते. ती भांडत नाही.

मी चार शब्द बोलावेत, तिनं दोन उलटून बोलावेत, मग दोघींनी मिळून चहा घ्यावा, एवढंच माझं म्हणणं. माझी सासू आणि मी जन्मभर तसंच केलं आणि एकमेकींवाचून आमचं पान हललं नाही. पण ही? मी काहीही म्हटलं की मान खाली घालून म्हणणार, "बरं आई." आणि मग आपल्याला करायचं तेच करणार. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान टेंगूळ येतं, आपटल्याची खूण राहते. हिच्याशी बोलणं म्हणजे उशीवर डोकं आपटणं.

"बरं आई" म्हणत म्हणत तिनं माझी जुनी मच्छरदाणी कापली. पडद्याची दांडी काढून नेली. माझं लाटणं नेलं, ते परत आलं तेव्हा त्याला साबणाचा वास. आणि बाहेरच्या खोलीत गल्लीतली सात-आठ पोरं जमवून, चार-पाच वर्षांची ती चिमुरडी, त्यांच्याकडून लोकर आटवून घ्यायला लागली. मुद्दाम. पोरांना शिकवून. त्याचं म्हणे कापड होतं.

यात काय एवढं, असं ज्याला वाटेल त्याला मी कोण ते ठाऊक नाही.

आमची लॉन्ड्री होती. पुढं दुकान, मागं धुलाईची खोली, मध्ये आम्ही राहायचो. दुकानाच्या पाटीवर नावाखाली एकच ओळ होती: लोकरी कपडे आटणार नाहीत. ती ओळ माझी. आमचे हे म्हणायचे, असं पाटीवर लिहू नये, कुणी धरून बसेल. मी म्हटलं, बसू दे धरून. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण पाटीवर लिहिलं ते आयुष्यभर खरं करून दाखवलं. लोकरीला गरम पाणी दाखवायचं नाही, साबण जास्त लावायचा नाही आणि चोळायचं तर नावच काढायचं नाही. लोकर चिडली की आखडते, आणि एकदा आखडली की मग पाया पडा नाहीतर डोकं फोडा, परत सैल होत नाही. एकदाच असं झालं होतं. एका नवख्या कामगारानं वकीलसाहेबांचा स्वेटर उकळत्या पाण्यात टाकला. बाहेर आला तेव्हा तो वकिलांच्या मांजराला बसला असता, तोसुद्धा मांजरानं श्वास रोखून धरला असता तर. त्या कामगाराला मी इस्त्रीवर बसवलं. पुन्हा पाण्याला हात लावू दिला नाही.

आणि आता माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत, पोरं गरम पाण्यात लोकर चोळत होती आणि सूनबाई म्हणत होत्या, "अजून जोरात. शाब्बास."

एका सकाळी तिनं धुलाईची खोली मागितली. खरं तर तिनं नाही, तिनं माझ्या मुलाला पुढं केलं. मुलगा माझाच, पण आम्हा दोघींच्या मध्ये उभा राहिला की दाराची बिजागरी होतो. दोन्हीकडे वळतो, कुरकुरतो आणि आहे तिथंच राहतो.

"आई," तो म्हणाला, "मागची खोली नुसती बंदच आहे. हिला पोरांसाठी मिळाली तर बरं. तिथं पाणी आहे, हौद आहे, सांडलवंड झाली तरी..."

"तिथं सांडलवंड कधी झाली नाही," मी म्हटलं.

"होय, पण बाहेरच्या खोलीत आता मावत नाहीत गं. गालिचा कुजला."

"गालिचा माझा होता. कुजला ते मला माहीत आहे."

तो चमच्यानं उगाच चहा ढवळत म्हणाला, "खोली नसेल तर हिला एका दुसऱ्या गावच्या शाळेनं बोलावलंय. तिथं वेगळा वर्ग देतायत. मला तिथं बदली मिळेल."

म्हणजे भुंगी जाणार. भुंगी म्हणजे माझी नात. कामात असली की तिच्या तोंडातून बारीक गुणगुण चालू असते, म्हणून ते नाव मीच ठेवलं. त्या गुणगुणीवरून ती घरात कुठल्या कोपऱ्यात आहे ते मला बसल्या जागी कळतं.

"जा की," मी म्हटलं. "मी काय कुणाला दोरीनं बांधून ठेवलंय?"

सूनबाई ओट्याशी उभी होती. तिनं बशी विसळून पालथी घातली आणि परत तीच बशी उचलून विसळली.

आमचे हे गेल्यावर मी दुकान आवरलं आणि त्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या कमरेला असते. कधीमधी उघडून मी आत बसते, हौदाच्या काठावर. भिंतींना अजून साबणाचा वास आहे. त्या खोलीत लोकर आटवायची म्हणजे माझ्या पाटीवर माझ्याच हातानं डांबर फासायचं. पण रात्रभर कूस बदलली आणि सकाळी उठून अट घातली.

"एक रविवार," मी सूनबाईला म्हटलं. "खोली उघडून देते. तुझी पोरं आण. माझा चारचा चहा होईपर्यंत त्यांच्याकडून कापड करून दाखव. मी ते दोन हातांनी ओढून बघणार. टिकलं तर खोली तुझी. फाटलं तर कुलूप, आणि परत तो विषय माझ्यासमोर काढायचा नाही."

"बरं आई."

"आणि बंबाला कुणी हात लावायचा नाही. पाणी मी देणार."

तिनं हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "बरं आई."

रविवारी दुपारी पोरं आली. चपला दाराबाहेर, बाह्या कोपराच्या वर. सलूनवाल्याची जुळी होती, त्यातला एक वाक्य सुरू करतो आणि दुसरा संपवतो. बेकरीवाल्याचा धाकटा आला तो आल्याआल्या साबण चाटून बघून मोकळा झाला, आणि तोंड वाकडं करून परत एकदा चाटून त्यानं खात्री करून घेतली. बाकीची इकडची-तिकडची. भुंगी अर्थातच सगळ्यांच्या पुढं, घर तिचं असल्याच्या थाटात.

खोलीच्या मधोमध लाकडी मोठं टेबल आहे. ओले स्वेटर वाळायला टांगायचे नसतात, पसरायचे असतात, त्यासाठी ते केलेलं. पोरं पालथ्या बादल्यांवर उभी राहून त्याच्याभोवती लागली. सूनबाईनं कापडी पिशवीतून लोकर काढली.

इथं मला कबूल केलं पाहिजे की मी पुढं सरकले. बसून राहायचं ठरवलं होतं, पण सरकले.

कारण तशी लोकर मी कधी बघितलीच नव्हती. उभा जन्म लोकरीत गेला, पण ती कुणीतरी कातलेली, विणलेली, बटणं लावलेली लोकर. ही नुसती पिंजून लांब पेळू केलेली होती, मांजराच्या शेपटीसारखी. पोरं एका हातानं पेळू धरायची, दुसऱ्या हातानं टोक चिमटीत घेऊन हलकेच ओढायची, आणि जाळीसारखा पातळ झुबका सुटून यायचा.

"आजी, धर," भुंगीनं एक झुबका माझ्या तळहातावर ठेवला.

धरलं. धरलंय की नाही तेच कळेना. तळहाताला वजन लागेना, फक्त थोडी ऊब लागत होती. उजेडाकडे नेऊन बघितलं. एकेक केस वेगळा, प्रत्येकाला बारीक लाट. कुणी कुणाला धरलेलं नव्हतं. मी श्वास सोडला तेवढ्यानं अर्धा झुबका टेबलावर गेला.

"याचं कापड होणार?" मी विचारलं.

"हो आई."

"माग कुठाय?"

"माग नाही लागत."

"मग सुई?"

"सुईही नाही. पाणी, साबण आणि यांचे हात."

मी त्या हातांकडे बघितलं. त्यातल्या निम्म्यांना स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही. जुळ्यांपैकी एकाला नाक पुसता येत नाही. मी नुसतं हुं केलं. माझं हुं घरात सगळ्यांना कळतं.

पोरांनी झुबके मांडायला घेतले. एक थर उभा, त्यावर एक थर आडवा, परत उभा. सूनबाई फारसं सांगत नव्हती. कुणाचं भोक राहिलं की तिथं बोट ठेवायची, एवढंच. दोन उशा शेजारीशेजारी ठेवाव्यात एवढी जागा भरली, वीतभर उंच. मग प्रत्येकाला रंगीत लोकर मिळाली, आपापलं चित्र काढायला. बेकरीवाल्याच्या धाकट्यानं पिवळी अळी काढली. जुळ्यांनी एकच लाल गाडी काढली आणि चाकांवरून भांडले. भुंगीनं मधोमध निळा गोळा ठेवला.

"हा काय?"

"आपला बंब."

"बंब निळा असतो का गं?"

"याच्या पोटातलं पाणी दिसतंय," ती म्हणाली आणि गुणगुणायला लागली.

सगळ्यावर माझी मच्छरदाणी अंथरली गेली. सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. आता पाणी.

मी बंबाकडे गेले. तांब्याचा तो, माझ्या सासूच्या वेळचा, अजून लख्ख. सकाळीच पेटवून ठेवला होता. झारीत पाणी काढलं, गार पाण्याचं विसण घातलं, मनगट बुडवून बघितलं. लोकरीचं पाणी कसं असावं हे मला कुणी सांगायला नको. मनगट बुडालं की पाणी कुठं संपतं आणि आपण कुठं सुरू होतो ते कळता कामा नये. साबणाचा चुरा चिमटीनं टाकला. झारी आणून मच्छरदाणीवर शिंपडलं.

सूनबाईनं एक बोट त्या पाण्याला लावलं. मग बोट ॲप्रनला पुसलं आणि पोरांना म्हणाली, "चला, हात ठेवा."

पोरं चोळायला लागली तशी माझा जीव खालीवर व्हायला लागला. "हळू. हळू रे. चोळू नका, थोपटा. दाबू नका. अरे, लोकर आहे ती, तुझ्या बापाच्या सलूनमधलं डोकं नाही." पोरं बिचारी हळू झाली. आजी म्हणते म्हटल्यावर थोपटायला लागली. सूनबाई टेबलाच्या त्या टोकाला गप्प. मी परत ताजं पाणी आणलं, परत तसंच. सांडलेलं पुसत होते, आणि ज्याचा हात जोरात चालला त्याचा धरत होते.

बराच वेळ गेला. सूनबाईनं मच्छरदाणीचा कोपरा उचलला. खालची लोकर भिजलेल्या कापसासारखी लोळागोळा होऊन बसली होती. तिनं दोन बोटांनी चिमटीत धरून उचलायला बघितलं तर चिमटीतलं तेवढं वर आलं, बाकीचं खालीच.

"फाटलं," एक जुळा म्हणाला.

"फाटायला आधी व्हायला पाहिजे," दुसऱ्यानं त्याचं वाक्य संपवलं.

परत मच्छरदाणी घातली. परत पाणी, परत थोपटणं. परत तेच. बेकरीवाल्याचा धाकटा बादलीवरून उतरून खाली बसला आणि म्हणाला त्याला घरी जायचंय. कुणाचे हात सुरकुतले म्हणून ते एकमेकांना दाखवायला लागले. दारात माझा मुलगा येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा बघून मला कळलं की ह्यानं मनात सामान बांधायला घेतलंसुद्धा.

मी जिंकत होते. खुर्ची ओढली आणि बसले. मला बरं वाटायला हवं होतं. टेबलावर तो चिखल पडलेला, त्यात भुंगीचा बंब एका बाजूला ओघळलेला. भुंगीची गुणगुण थांबली होती.

ती बादलीवरून उतरली, माझ्यापाशी आली, आणि ओला हात माझ्या दंडावर ठेवला.

"आजी, तुझं पाणी थंड आहे."

"थंड नाही गं. बेताचं आहे."

"थंड आहे. बाहेरच्या खोलीत आई गरम देते. आणि खूप साबण देते. आणि जोरात म्हणते." मग तिनं वळून विचारलं, "आई, हो ना?"

सूनबाईनं मान वर केली नाही.

कुणी आपल्या थोबाडीत मारावी आणि ती लागल्यावर मग आवाज यावा, तसं झालं मला. लोकरीचं पाणी. मी लोकरीचंच पाणी देत होते. न आटायचं. साबण न आटायचा, थोपटणं न आटायचं. त्यांनी आटवायला घेतलेली लोकर मी माझ्या जन्माच्या सवयीनं वाचवत बसले होते. कुठलीही दुसरी सासू असती तर पाणी फार गरम देऊन पोरांचे हात भाजवले असते. ही चूक करायला माझ्याइतकी हुशारच बाई पाहिजे.

आणि हिला माहीत होतं. पहिल्या झारीला बोट लावलं तेव्हाच.

"तुला कळलं होतं?" मी विचारलं.

"हो आई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला होतात, पाणी तुमचं."

"खोली जात होती."

"हो."

"आणि तू भुंगीला घेऊन दुसऱ्या गावी निघाली असतीस. पण माझं पाणी गार आहे हे तोंडातून काढलं नसतंस."

यावर तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले नव्हते, रागावलेलेही नव्हते. थकलेले होते. "तुम्हाला कोण सांगणार आई?" ती म्हणाली.

माझा मुलगा दारात खोकला. बिजागरी कुरकुरली म्हणायची.

मी उठले. आता खरी गंमत इथं होती: मी काही केलं नसतं तरी चाललं असतं. चहाची वेळ होत आलीच होती. कापड झालं नाही, अट अट असते, कुलूप. कुणी मला बोल लावला नसता, सूनबाईनं तर नाहीच. पण मी हरायला एक वेळ तयार होते, गार पाण्यानं जिंकायला नाही. त्या खोलीत कधी खोटं काम झालेलं नाही.

बंबाचा नळ सोडला. या वेळी विसण घातलं ते भुंगीच्या आंघोळीला घालते तेवढंच. मनगट बुडवलं. हे पाणी आहे आणि ही मी आहे, हे पुरतं कळत होतं. माझा हात झारी उचलेना. खरंच सांगते, बोटं कडीला धरून होती आणि दंड वर होईना. लोकरीवर हे पाणी ओतायचं म्हणजे माझ्या हाताला कुणी आपल्याच घराला काडी लावायला सांगितल्यासारखं होतं.

"आजी, चल ना," भुंगी म्हणाली.

उचलली झारी. साबणाचा चुरा मुठीनं टाकला. ओतलं. वाफ आली, आणि त्या वाफेला एक वास होता, ओल्या जनावराचा, जिवंत. इतकी वर्षं लोकर धुतली, पण हा वास तिनं मला कधी दिला नव्हता.

"चोळा," मी म्हटलं.

पोरं माझ्याकडे बघतच राहिली.

"बघता काय? चोळा. जोरात. साबण चाटणाऱ्या, ऊठ, तू पण ये. चोळा म्हणजे चोळा."

मग जे सुरू झालं त्याला चोळणं म्हणतात. फेस कोपरापर्यंत आला. जुळे एका लयीत डोलायला लागले. सूनबाईच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला, "गोल गोल, आता कडेला, कडा सोडू नका." मी पाणी निवू देत नव्हते, झारीमागून झारी. भुंगीची गुणगुण परत सुरू झाली आणि का कुणास ठाऊक, सगळ्यांचे हात तिच्या मागं जायला लागले.

आणि मग हाताखाली काहीतरी बदललं. मी बघत नव्हते, माझेही हात त्यात होते. कधी घातले कळलं नाही. आधी तळव्याखाली सगळं सुळसुळत होतं, इकडून तिकडं पळत होतं. मग ते पळायचं थांबलं. खालून कुणीतरी धरल्यासारखं झालं.

"थांबा," सूनबाई म्हणाली.

तिनं मच्छरदाणी काढली. दोन बोटांनी मधोमध चिमटा घेतला आणि उचललं. बोटांबरोबर सगळं वर आलं. तंबूसारखं. चारी कडांपर्यंतचं सगळं एका चिमटीवर उभं राहिलं आणि एकही केस मागं राहिला नाही.

साबणाचे बुडबुडे फुटल्याचा आवाज येत होता.

"उलटं करा," भुंगी म्हणाली. तिला ते माहीत होतं, तिनं बाहेरच्या खोलीत बघितलं होतं. मला माहीत नव्हतं. सूनबाईनं ते उलटं घातलं.

खालच्या बाजूला, पांढऱ्यावर, निळी झाक होती. गोल. धुक्यातून दिवा दिसावा तसा भुंगीचा बंब. तो तिनं सगळ्यात वर ठेवला होता. खाली तीन थर होते, उभा, आडवा, उभा. निळा धागा कुणी खालपर्यंत ओढला नव्हता, सुई कुणी टोचली नव्हती. ते निळे केस आपल्या पायांनी चालत, गर्दीतून वाट काढत, एकाला धरून दुसऱ्याला धरून या बाजूला येऊन उभे राहिले होते. माझ्या हाताखालून चालले होते, आणि मला पत्ता नाही.

मी त्या निळ्यावर बोट फिरवलं. निघेना. मुळाशीच गेलं होतं.

इतकी वर्षं मी ज्याला लोकरीचा राग समजत होते तो हा होता. हिला मुळी एकमेकींना धरायचंच असतं. मी तिला जन्मभर गार पाण्यानं वेगळी ठेवत आले. ते बरोबरच होतं म्हणा, वकिलाला स्वेटर घालायचा असतो, मांजराला नाही. पण मी कधी तिला विचारलं नव्हतं की बाई, तुला काय करायचंय?

"आता आपटायचं," सूनबाई म्हणाली, आणि मग जरा चाचरत, "म्हणजे, आई, तुमच्या दगडावर चालेल ना?"

धुण्याचा दगड. त्यावर मी चादरी आपटल्या, गोधड्या आपटल्या, लोकर कधी टेकवलीसुद्धा नाही. मी पदर खोचला. "बाजूला व्हा," म्हटलं आणि पहिल्यांदा मीच आपटलं.

असला आवाज त्या खोलीत हे गेल्यापासून झाला नव्हता. पोरं ओरडली. मग रांग लागली. प्रत्येकानं आपटायचं, उचलायचं, पुढच्याला द्यायचं. दर आपटण्याला ते लहान होत होतं. डोळ्यांसमोर. दोन उशांचं दीड उशी झालं, मग एका उशीला वर थोडं. जाड होत गेलं, वजन तेच, पण अंग धरायला लागलं. अळीचं पोट भरलं, गाडीची चाकं एकदाची जागेवर बसली. मी सगळं आयुष्य कपडा लहान झाला म्हणून लोकांना हळहळताना बघितलं होतं. इथं तो बोटभर आटला की पोरं टाळ्या पिटत होती.

गार पाण्यात खळबळून, टॉवेलात गुंडाळून पिळून काढलं. चहाची वेळ टळून गेली होती. कुणी चहाचं नाव काढलं नाही, मीही नाही.

"चला," मी मुलाला म्हटलं. "आत ये. ते टोक धर."

"आई, आता राहू दे ना..."

"अट अट असते. धर."

पोरं भिंतीला चिकटून उभी राहिली. सूनबाईनं भुंगीच्या खांद्यावर हात ठेवला. कुणाचा हात कुणाला धरून होता ते मला सांगता यायचं नाही.

कापड ओढून बघायची माझी एक रीत आहे. आधी कानाजवळ नेऊन दोन्ही अंगठ्यांनी हलका हिसका द्यायचा. कापड बोलतं. सुती टणकन बोलतं, विरलेलं कुजबुजतं, कुठं तुटणार ते आधीच सांगून टाकतं. मी याला हिसका दिला आणि ऐकलं. काही नाही. बोललंच नाही. याच्यात सुटायला टोकच नव्हतं, तर बोलणार कोण?

मग आम्ही ओढलं. मी पाय दगडाला लावून ओढलं. मुलानं आधी आईशी ओढतात तसं ओढलं, मी "जेवला नाहीस का?" म्हटल्यावर खरं ओढलं. ते थोडं ताणलं, आणि माझ्या हातात एक ताकद आली, जी माझी नव्हती आणि माझ्या मुलाचीही नव्हती. त्या कापडाची होती. आम्हा दोघांना ते आत खेचत होतं.

"उभं झालं," मी म्हटलं. "आता आडवं."

आडवंही नाही. तिरकंही नाही. जुळे येऊन लोंबकळले, तरी नाही.

मी ते टेबलावर पसरलं आणि सुरकुती काढली. हाताला दमट, घट्ट लागत होतं. शर्टाचं बटण न लावता येणाऱ्या हातांनी केलेलं. ज्यात दोरा नाही, टाका नाही, गाठ नाही. मी उजेडाकडे धरून परत बघितलं, कुठं तरी काही तरी असेल म्हणून. नव्हतं. मघाशी माझ्या श्वासानं उडालेली तीच ती लोकर. मला हसू येईना आणि रडूही येईना. कुणी नवीन जन्मलेलं मूल हातात दिलं की आधी त्याची बोटं मोजतो आपण, तसं मी ते कडेकडेनं चाचपत होते.

पोरं आपापल्या घरी गेली. त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे दारापर्यंत होते, त्यात मोठे दोन माझे. मुलगा चहा टाकायला आत गेला. भुंगी हौदात उतरून फेस गोळा करत होती, तिची गुणगुण दगडात घुमत होती. सूनबाई टेबल पुसत होती, पुसलेलंच परत पुसत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

मी कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर, तिच्या फडक्याच्या वाटेत ठेवली. तिनं हात उचलला, पण मी किल्लीवरचं बोट काढलं नाही.

"हे बघ सूनबाई," मी म्हटलं. "पोरांचं काम चोख आहे. त्यात मला खोट काढता येत नाही, मी काढून बघितली. खोट तुझ्यात आहे. पाणी गार होतं आणि तू गप्प बसलीस. माझी लाज राखायला निघालीस आणि पोरांचं काम बुडवत होतीस. या खोलीत ते चालायचं नाही. इथं गार आहे तर गार म्हणायचं, माझ्या तोंडावर, पोरांच्या देखत. मी भांडेन, तूही भांड. खोली तुझी, बंब माझा, पाणी दोघींचं. घे ही किल्ली. आणि आता 'बरं आई' म्हणालीस तर परत घेईन."